वेठ, रोबोट आणि बुटीबोरी : स्वतः चालणाऱ्या यंत्राचा इतिहास

१/ नागपूरहून दक्षिणेकडे सुमारे पंचवीस-तीस किलोमीटरवर बुटीबोरी लागते. तेथून एक रस्ता वर्ध्याकडे वळतो आणि दुसरा हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे जातो. येथील एमआयडीसीत पॉलिएस्टरचा धागा, टायर, वीजवाहिन्यांचे मनोरे अशा वस्तू तयार होतात. अशा औद्योगिक वसाहतींत ‘रोबोट’ हा शब्द आता भविष्यातला राहिलेला नाही. मात्र या शब्दाचा मूळ अर्थ मराठी समाजाच्या पूर्वापार ओळखीचा आहे. तो अर्थ म्हणजे वेठ.

२/ झेक लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’ हे नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि १९२१ च्या जानेवारीत प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर आले. कारखान्यात तयार केलेले कृत्रिम कामगार हा त्याचा विषय. त्यांना काय म्हणावे हे चापेक यांना सुचत नव्हते. ‘रोबोट’ हा शब्द त्यांचे चित्रकार बंधू योसेफ यांनी सुचवला, आणि तसे श्रेय कारेल यांनी पुढे स्वतःच दिले. त्या नाटकातले रोबोट लोखंडाचे नाहीत. ते रासायनिक द्रव्यापासून घडवलेले, दिसायला माणसासारखे आहेत.

३/ झेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने आणि विनामोबदला करायचे काम. बोहेमियात ही पद्धत शतकानुशतके चालली. १७७५ साली मारिया तेरेसाने फर्मान काढून या कामाच्या दिवसांवर मर्यादा घातली, तेही शेतकऱ्यांच्या उठावानंतर. हॅब्सबर्ग साम्राज्यातून ही सक्ती नष्ट झाली ती १८४८ च्या क्रांतीत. म्हणजे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा ‘रोबोता’ सोसलेल्यांची नातवंडे हयात होती. प्रेक्षकांना तो शब्द ऐकून यंत्र आठवले नाही. आठवला तो आजोबांच्या पाठीवरचा भार.

४/ महाराष्ट्रात याच गोष्टीला वेठ किंवा वेठबिगार म्हणत. किल्ल्याची डागडुजी, सरकारी ओझी वाहणे, लाकूडफाटा पोचवणे ही कामे गावांवर लादली जात, आणि तो भार जातीच्या उतरंडीत सर्वांत खालच्यांवर सर्वाधिक पडे. महार वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या अशाच राबवणुकीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. स्वतंत्र भारताच्या संविधानातील अनुच्छेद २३ ने बिगारीला स्पष्ट मनाई केली.

५/ मराठीत रोबोटला ‘यंत्रमानव’ हा प्रतिशब्द रुळला. शब्द सुबक आहे, पण त्यात दोन गोष्टी हरवतात. मूळ शब्दात ‘मानव’ नव्हता, ‘सक्तीचे श्रम’ होते. शिवाय यंत्रमानव म्हटले की हातपाय असलेली धातूची आकृती डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात जगातील बहुसंख्य रोबोटांना चेहरा नसतो. कोणी नुसता एक हात असतो, तर कोणी चाकांवरची सपाट पेटी.

६/ मग रोबोट म्हणजे नेमके काय? अभ्यासकांच्या व्याख्या अनेक आहेत, पण त्यांचा गाभा तीन क्रियांचा. यंत्राने परिसराची माहिती घ्यावी, त्या माहितीवरून काय करायचे ते ठरवावे, आणि ते शारीरिकरीत्या घडवून आणावे. छताचा पंखा फिरतो, पण खोलीत कोणी आहे की नाही हे त्याला ठाऊक नसते. संगणक हिशेब करतो, पण टेबलावरची पेन्सिल उचलत नाही. या तिन्ही क्रिया एकाच यंत्रात जुळून आल्या की रोबोट सुरू होतो. व्यवहारात मात्र दुरून माणसाने चालवलेल्या यंत्रालाही रोबोट म्हणतात. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

७/ येथे एक प्रश्न हमखास येतो : ‘हे सारे आपल्याकडे आधीच नव्हते का?’ अकराव्या शतकातील परमार राजा भोज याच्या नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात यंत्रविधानाचा एक संपूर्ण अध्याय आहे. दारावर पहारा देणारे यंत्रपुरुष, नाचणारे पक्षी, पाणी पिणारा हत्ती, पाऱ्याच्या बळावर उडणारे लाकडी यान अशी वर्णने त्यात आढळतात. नागपूरशीही परमारांचा धागा जुळतो. विक्रम संवत ११६१, म्हणजे इसवी सन ११०४-०५ मधील परमारांची प्रशस्ती कोरलेला शिलालेख ‘नागपूर प्रशस्ती’ म्हणूनच ओळखला जातो.

८/ परंतु वर्णन आणि यंत्र यांत अंतर असते. यंत्रांची रचना मुद्दाम पूर्ण उघड केलेली नाही, असे तो ग्रंथच सांगतो. त्यावरून यंत्र पुन्हा बांधता येत नाही, आणि त्या यंत्रांचे अवशेषही हाती नाहीत. त्यामुळे इतिहासाच्या विद्यार्थ्याला दोन विधाने करता येतात. पाण्याच्या, दोऱ्यांच्या आणि चाकांच्या खेळण्यांची दरबारी परंपरा येथे होती, आणि आपोआप चालणाऱ्या सेवकाची कल्पना येथे प्रगल्भ होती. त्यापुढचे, म्हणजे परिसर ओळखून निर्णय घेणारे यंत्र होते असे म्हणण्यास पुरावा नाही. कल्पनेचा इतिहासही मोलाचाच असतो. त्याला तंत्रज्ञानाचा इतिहास म्हणून खपवण्याची गरज नाही.

९/ नागपूर परिसरातील यंत्र आणि श्रम यांचा पुराव्यानिशी सांगता येणारा मोठा अध्याय १ जानेवारी १८७७ रोजी उघडतो. त्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित करण्यात आले आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांच्या गिरणीचे नागपुरात उद्घाटन झाले. गिरणीचे नाव पडले एम्प्रेस मिल. वऱ्हाड-नागपूरचा कापूस मुंबईला पाठवण्याऐवजी जेथे पिकतो त्याच्या जवळच कातावा, हा टाटांचा विचार होता.

१०/ १८८० च्या दशकात या गिरणीने रिंग स्पिंडल हे नवे कताईयंत्र स्वीकारले. लँकेशायर तेव्हा जुन्या म्यूल यंत्रावर विसंबून होते. म्यूल थांबत-थांबत काततो आणि त्याला कसबी कामगार लागतो. रिंग अखंड काततो आणि त्याला कमी कसब पुरते. पण अखंड चालणाऱ्या यंत्राने एक नवे काम जन्माला घातले. बॉबिन भरल्या की त्या झटपट काढून रिकाम्या लावायच्या. याला डॉफिंग म्हणतात आणि ते करणाऱ्याला डॉफर.

११/ भारतीय गिरण्यांत हे काम मोठ्या प्रमाणावर मुले करीत. बोटे लहान, हालचाल चपळ आणि मजुरी कमी. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांना मनाई केली, पण सात ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला नऊ तास राबवण्याची मुभा ठेवली. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टी आणि मर्यादित तासांची मागणी लावून धरली. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ केले आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा घातली.

१२/ पुढे डॉफिंगचे काम यंत्राकडे जाऊ लागले. आज आधुनिक कताईत आणि कृत्रिम धाग्याच्या कारखान्यांत बॉबिन काढणारी स्वयंचलित यंत्रे असतात. रुळांवरून सरकत येऊन, भरलेली जड बॉबिन उचलून ती योग्य जागी ठेवणे हे त्यांचे काम. जे काम एकेकाळी आठ-नऊ वर्षांचे पोर करी, ते आता यंत्र करते. यात हळहळण्यासारखे काही नाही. यंत्राने काम घेतले म्हणजे अन्यायच झाला, हे गृहीतक येथे कोसळते.

१३/ कारखान्यातला पहिला औद्योगिक रोबोट मानला जातो तो ‘युनिमेट’. १९६१ साली तो अमेरिकेत जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतील कारखान्यात लागला. साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलणे हे त्याचे काम. तो जमिनीला घट्ट बोल्ट केलेला एक हात होता. त्याला ‘मी कोठे आहे?’ हा प्रश्न कधीच पडला नाही, कारण तो जागचा हलत नव्हता. फिरत्या रोबोटाची सारी अडचण याच प्रश्नापासून सुरू होते.

१४/ फिरता रोबोट त्याहून जुना. ब्रिस्टलमधील मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये एल्मर आणि एल्सी नावाची दोन कासवे बनवली. प्रत्येकात दोन निर्वात नळ्या, एक प्रकाश ओळखणारा डोळा आणि धक्का ओळखणारे कवच. कासव उजेडाकडे जाई, अडथळा लागला की वाट बदले, आणि बॅटरी उतरली की चार्जिंगच्या खोपटाकडे परते. संगणक नाही, स्मृती नाही, तरीही पाहणाऱ्याला ते जिवंत वाटे.

१५/ कारखान्यांनी मात्र अधिक साधा मार्ग निवडला. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बॅरेट इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने तारेच्या मागोमाग जाणारी चालकविरहित गाडी बनवली. तारेतील विद्युतप्रवाहामुळे तयार होणारे चुंबकीय क्षेत्र ओळखत गाडी पुढे सरकते. वाट बदलायची तर तार बदलावी लागते. हीच परंपरा पुढे चुंबकीय पट्टीवर आणि रंगीत रेषेवर चालणाऱ्या गाड्यांपर्यंत आली. अशा यंत्राला वाट आखून दिलेली असते. ते वाट शोधत नाही.

१६/ वाट शोधण्याआधी वळता आले पाहिजे. बहुतेक गोदाम-रोबोटांना दोन बाजूंना दोन चाके आणि प्रत्येकाला स्वतंत्र मोटर असते. दोन्ही चाके सारख्या वेगाने फिरली तर रोबोट सरळ जातो. डावे मंद केले तर तो डावीकडे वळतो. एक पुढे आणि एक मागे फिरवले तर जागच्या जागी गिरकी घेतो. विदर्भातल्या धुरकऱ्याला हे तत्त्व सांगावे लागणार नाही. गाडी वळवताना तो आतल्या बाजूचा बैल आखडता धरतो आणि बाहेरचा हाकतो.

१७/ आता ‘मी कोठे आहे?’ याचे पहिले उत्तर : चाकाचे फेरे मोजा. चाकाचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर परीघ सुमारे ६२.८ सेंटिमीटर, म्हणजे १०० फेऱ्यांत सुमारे ६२.८ मीटर. हिशेब सोपा आहे, पण फसवा. चाक झिजून व्यास फक्त २ मिलिमीटरने कमी झाला तर याच अंतरात ६३ सेंटिमीटरची चूक होते. दिशेत अवघ्या एका अंशाचा फरक पडला तर ५० मीटरनंतर रोबोट सुमारे ८७ सेंटिमीटर बाजूला गेलेला असतो. गोदामातील रॅकवर आदळायला एवढे पुरे. मुख्य म्हणजे ही चूक साचत जाते, आपोआप दुरुस्त होत नाही.

१८/ साचणाऱ्या चुकीवरचा उपाय बुटीबोरीहून दक्षिणेला जाणाऱ्या याच रस्त्यावरच्या एका कबरीशी जोडलेला आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा प्रवर्तक विल्यम लॅम्टन २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची पद्धत अशी होती : एक पायारेषा अत्यंत काटेकोर मोजायची, मग तिच्या दोन टोकांवरून दूरच्या खुणेचे कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. डोंगर-दऱ्यांतून साखळ्या ओढत प्रत्येक मैल मोजावा लागत नाही.

१९/ गोदामातील रोबोट याच भूमितीवर चालू शकतो. भिंतींवर ठरलेल्या जागी परावर्तक बसवतात. रोबोटवरील फिरता लेसर त्यांचे कोन टिपतो आणि तीन ज्ञात खुणांवरून स्वतःची जागा काढतो. आजचे लेसरयंत्र अंतरही थेट मोजते. प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. भिंत १५ मीटरवर असेल तर किरण जाऊन परत यायला सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. अशी हजारो मोजमापे दर सेकंदाला घेतली की भोवतालाची रूपरेषा उमटते. चाकाचा हिशेब अंदाज देतो, खूण त्याची दुरुस्ती करते.

२०/ पण नकाशाच नसेल तर? नकाशा काढायला स्वतःची जागा ठाऊक हवी आणि जागा ओळखायला नकाशा हवा. हे कोडे विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत संभाव्यतेच्या गणिताने सुटू लागले. रोबोट ‘मी येथेच आहे’ असे म्हणत नाही. ‘मी बहुधा येथे आहे आणि तो खांब बहुधा तेथे आहे’ असे म्हणतो. तोच खांब पुन्हा दिसला की दोन्ही अंदाज एकाच वेळी सुधारतात. अनिश्चितता लपवण्याऐवजी ती मोजणे, हे या शास्त्राचे खरे यश.

२१/ पुढचा प्रश्न : ‘जायचे कोणत्या वाटेने?’ कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६६ ते १९७२ या काळात ‘शेकी’ नावाचा डुगडुगणारा रोबोट घडला. त्याच प्रकल्पातून १९६८ साली ‘ए-स्टार’ ही वाटशोधाची पद्धत पुढे आली. आतापर्यंत चाललेले अंतर आणि उरलेल्या अंतराचा अंदाज यांची बेरीज जिथे सर्वांत कमी, ती वाट आधी तपासायची. पुढे संगणकीय खेळांपासून नकाशांच्या अ‍ॅपपर्यंत अनेक ठिकाणी या पद्धतीचा आणि तिच्या भावंडांचा उपयोग झाला.

२२/ प्रगती संथ होती. १९७९ साली ‘स्टॅनफर्ड कार्ट’ने खुर्च्यांनी भरलेली एक खोली कोणाच्याही मदतीविना पार केली. वेळ लागला सुमारे पाच तास. म्हणून उद्योगाने पुन्हा तडजोड केली. २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘किवा’ कंपनीने गोदामाच्या फरशीवरच ठरावीक अंतराने सांकेतिक चौकोन चिकटवले. रोबोट खाली पाहून ते वाचतो, रॅकखाली शिरतो आणि अख्खा रॅक उचलून कामगारापर्यंत आणतो. २०१२ साली ॲमेझॉनने ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. रोबोट हुशार करण्यापेक्षा जग सोपे करणे स्वस्त पडते, हा त्यातला धडा.

२३/ जग सोपे करता येत नाही तेथे काय? पुण्यातील डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घडवलेला ‘दक्ष’ हे त्याचे महाराष्ट्रातले उत्तर. बॉम्ब निकामी करणारा हा फिरता रोबोट जिने चढतो, संशयास्पद वस्तू हाताने उचलतो आणि पाण्याच्या प्रचंड वेगाच्या झोताने बॉम्बची रचना विस्कटतो. त्याची पहिली तुकडी डिसेंबर २०११ मध्ये लष्कराच्या स्वाधीन झाली. त्याचे निर्णय दूर बसलेला सैनिक घेतो. सहाव्या भागातील काटेकोर व्याख्येत तो अपुरा ठरेल, पण जिवाच्या हिशेबात नाही.

२४/ चंद्रावर ऑगस्ट २०२३ मध्ये उतरलेल्या ‘प्रज्ञान’ची गोष्टही मधलीच. सहा चाकांचा हा रोव्हर सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर सरके. एकदा सुमारे तीन मीटर पुढे चार मीटर व्यासाचे विवर आढळले, तेव्हा पृथ्वीवरून आज्ञा देऊन त्याला मागे वळवण्यात आले. ‘रोबोटने स्वतः ठरवले’ असे वाचले की म्हणून एक प्रश्न विचारावा : नेमके काय यंत्राने ठरवले आणि काय माणसाने?

२५/ वेठीचा मुद्दा सर्वांत तीव्रपणे उभा राहतो तो गटारात. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याच्या कामावर आणि सुरक्षा साधनांविना गटारात माणूस उतरवण्यावर बंदी घातली, तरीही मृत्यू थांबले नाहीत. केरळमधील तरुण अभियंत्यांनी बनवलेला ‘बँडिकूट’ हा गटार साफ करणारा रोबोट २०१८ साली तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागला. येथे अडचण तंत्राची फारशी उरलेली नाही. ज्या कामासाठी माणूस स्वस्त मिळतो, तेथे यंत्र उशिरा पोचते. ही किंमत बाजार ठरवतो असे वरवर दिसते, पण तिच्यामागे जातीचा इतिहास उभा असतो.

२६/ एम्प्रेस मिल २००२ साली बंद झाली. तिला रोबोटांनी बंद पाडले नाही. देशभरातील जुन्या संयुक्त गिरण्यांना यंत्रमागाची स्पर्धा, जीर्ण यंत्रे आणि आटलेली गुंतवणूक यांनी ग्रासले होते. तिच्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला. म्हणजे यंत्र आले तरच कामगार जातो असे नाही. नवे यंत्र न आल्यामुळेही तो जातो. या दोन्ही वेळी त्याला काय देणे लागते, हा प्रश्न यंत्राला विचारून उपयोग नसतो. तो मालकाला, सरकारला आणि कायद्याला विचारावा लागतो.

२७/ रॅक चालत कामगाराकडे आला की त्याचे पाय वाचतात, हे खरे. पण मग पुढचा रॅक किती सेकंदांत येईल हे यंत्र ठरवते आणि माणसाचा हात त्या गतीला बांधला जातो. १८८१ चा कायदा तासांविषयी होता. उद्याच्या कायद्याला या गतीविषयीही बोलावे लागेल. चापेक यांच्या नाटकात रोबोट बंड करतात, म्हणून ते भयकथा म्हणून वाचले जाते. त्याच्या शीर्षकामागचा शब्द मात्र यंत्राच्या बंडाविषयी नाही. तो दुसऱ्याचे श्रम फुकट आणि निमूट मिळावेत या जुन्या इच्छेविषयी आहे.

२८/ म्हणून बुटीबोरीत असो वा अन्यत्र, एखाद्या कारखान्यात रोबोट आला असे ऐकले की तीन गोष्टी तपासून पाहाव्यात. ते यंत्र खरोखर पाहते, ठरवते आणि करते का? त्याने कोणाच्या पाठीवरचे ओझे उतरवले? आणि ते ओझे उतरल्यावर तो माणूस कोठे गेला? पहिल्या प्रश्नाचे उत्तर अभियंता देईल. उरलेल्या दोहोंची उत्तरे हजेरीपटांत, मजुरीच्या पावत्यांत आणि कामगारांच्या आठवणींत सापडतील. ती कोणीतरी आजच जपून ठेवली, तरच उद्या बुटीबोरीचा इतिहास लिहिता येईल.